नऊ नंबरचा फोटो

हर्णै,
३ नोव्हेंबर २०२४

अफशा, खालाची दुआ.

तुझं पाकीट काल दुबईहून सुट्टीवर आलेल्या अलीमियाँनी आणून दिलं. तुझ्या खालूंनी पाठवलेल्या कार्टनची दोरी सोडायच्या आधी मी पाकीट फोडलं, बघ. बाराही फोटो नीट पोचले. माझी बहीण, तुझी अम्मी, तिकडे दुबईत करामाला बसून कपाळाला हात लावते, की पोरगी सुट्टीच्या दिवशी कॅमेरा घेऊन पठाणांच्या ट्रकांमागे धावते. मी म्हणते, धावू दे. ट्रक आहेत की नवऱ्या? मोर काय, वाघ काय, आरसे काय, चाकांनासुद्धा घुंगरं! आणि तो रस्त्याकडेचा न्हावी, टायरवर बसून रोटी खाणारा म्हातारा, मस्तच. पाकिस्तानात पाऊल न ठेवता अख्खं पेशावर दाखवलंस गो.

आता कामाचं. दार लावून वाच.

नऊ नंबरचा फोटो घे. ट्रकच्या केबिनचा. पुढे तो दाढीवाला ड्रायव्हर हसतोय, त्याच्यामागे पडदा अर्धा सरकलाय आणि मागच्या फळीवर एक गोधडी दिसते. ती गोधडी माझी आहे. माझ्यासारखी नव्हे, माझीच. हिरवे तुकडे माझ्या निकाहच्या ओढणीचे आणि कोपऱ्यात फहदच्या पहिलीच्या शर्टाचा खिसा तसाच ठेवून शिवलाय. असा खिसा दुनियेत दुसऱ्या कुठल्या गोधडीला असेल तर मी माझं नाव बदलीन.

तुझे खालू बावीस वर्षं दुबईत ऑफिसला आहेत, आता मरीनातल्या त्या काचेच्या इमारतीत. मला दर शुक्रवारी सांगतात, कंपनीच्या फ्लॅटमध्ये तुझीच गोधडी घेऊन झोपतो. मग ती मसाफीच्या डोंगरात पठाणाच्या गाडीत कशी गेली? आणि त्याच केबिनमध्ये वर काय लटकतंय बघ. बायकांच्या वेण्या, गोंडे, बांगड्या! तौबा. कुठेतरी पाणी मुरतंय.

फहद बी.कॉम. होऊन घरी बसलाय. त्याला तुमच्या ऑफिसात लावा म्हणून तो कॉलेजात असल्यापासून, दोन वर्षं मागे लागलेय, तर दर वेळी 'इन्शाल्ला, पुढच्या साली'. जानेवारीत पाठवतेच असं मी परवा सांगितलं, तर म्हणाले, लाइन खराब आहे, आणि फोन ठेवला. बापाला पोरगा जवळ नको का असतो? तिकडे दुसरं घर असेल तर मला आत्ता कळू दे. माझा पोरगा मी त्या घरात पाठवणार नाही, आणि मीसुद्धा मग इथे वाट बघत बसणार नाही.

फोनवर एक अक्षर नको. माझा फोन फहदच्या हातात असतो, मेसेज आला की अख्ख्या घराला वाचून दाखवतो. चौथीपर्यंत माझ्याकडे राहून मराठी शाळेत गेलीस ते आज कामाला येऊ दे. पत्र लिही आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाती दे. अलीमियाँच्या हाती मात्र नको. त्यांना मी विचारलं, फहदचे अब्बा कसे आहेत, तर त्यांना खोकलाच आला.

तुझी,
जहांआराखाला

—

करामा, दुबई
१६ नोव्हेंबर २०२४

खाला, सलाम.

तू पोलिसात भरती का झाली नाहीस? रत्नागिरी जिल्ह्यात एकही चोरी झाली नसती.

पहिलं, वेण्या. खाला, त्या बाईच्या नाहीत! हे लोक ट्रकला नवरी मानतात, तूच लिहिलंस तसं. नवरीला वेणी, बांगड्या, ओढणी हवी ना? म्हणून ते सगळं आरशाला, छताला टांगतात. ड्रायव्हरचं नाव जरवली खान. मी आणि ऑफिसमधली मिहिका, आम्ही दोघी कार घेऊन मसाफी, दिब्बा, फुजैरा असं फिरत होतो. क्रशरजवळ खडीच्या ट्रकांची लाइन लागली होती, दुपारची वेळ. जरवलीने चहा पाजला, गाडीचे फोटो काढायला दिले. फक्त म्हणाला, 'बेटी, पर्दा मत छेड़ना, उस्ताद सो रहा है.' दोन ड्रायव्हर असतात, एक चालवतो तेव्हा दुसरा मागे झोपतो. सिंपल.

गोधडीचं मला खरंच माहीत नाही. म्हणून गेल्या रविवारी खालूंना फोन केला, लंचला भेटू म्हटलं. मी मरीनाला येते, तुमचं ऑफिस तरी दाखवा! तर म्हणाले, नको, सिक्युरिटी फार आहे, मीच करामाला येतो. आले. इस्त्रीचा शर्ट, अत्तर, सगळं टिपटॉप. बिर्याणी मागवली, माझ्या ताटात दोन पीस जास्त घातले. गोधडी कुठे आहे विचारलं तर म्हणाले, लाँड्रीत. मी म्हटलं, तुमची रूम बघू? तर म्हणाले, बॅचलर लोकांची रूम, पोरीने काय बघायची?

एक गोष्ट लिहू की नको करत होते. लिहिते. खालूंचा डावा हात उजव्यापेक्षा खूप काळा आहे, कोपरापर्यंत. फोटो काढून काढून मला असलं पटकन दिसतं. विचारलं तर म्हणाले, माझं टेबल खिडकीजवळ आहे, ऊन येतं.

घरी येऊन अम्मीला विचारलं, खालू नक्की कुठल्या कंपनीत आहेत गं? अम्मी कांदा चिरायला लागली. खाला, भाजी आधीच शिजली होती.

तू टेन्शन घेऊ नको. पुढच्या आठवड्यात जरवलीला त्याच्या फोटोचे प्रिंट द्यायला मसाफीला जाणारच आहे. चाळीस दिरहम गेले प्रिंट्सना, म्हणजे नऊशे रुपये, फुकट थोडीच सोडणार त्याला? तेव्हा उस्तादला बघून येते.

हे पत्र शेजारच्या यम्नाभाबीकडे देतेय, ती दापोलीला जातेय.

तुझी अफशा

—

हर्णै,
१ डिसेंबर २०२४

अफशा, दुआ.

खिडकीजवळ टेबल! मरीनात खिडकी उघडी टाकून कोण बसतं गो? बाहेर भट्टी, आत एसी, आणि माझा नवरा एक हात खिडकीबाहेर काढून कामाचे कागद बघतो? मी हर्णैची आहे, पण एवढी भोळी नाही.

आणि तू! दोन पीस जास्त घातले ते बरं आठवणीने लिहिलंस. बिर्याणीवर विकली गेली नाहीस ना? ते गोड बोलायला लागले की भले भले पाघळतात, बावीस वर्षं मी पाघळतेच आहे.

वेण्यांचं मानलं. ट्रकला नवरी मानत असतील, पठाणांचं काय सांगावं. पण उस्तादचं मानत नाही. तू लिहिलंस पडद्यामागे कोणी झोपलं होतं. तेव्हा मी फोटो पुन्हा काढला आणि अब्बांचं कुराण वाचायचं भिंग लावलं. खरंच गो, गोधडी सपाट नाही. खाली माणूस आहे. तोंडावरून ओढून घेतलेली. खालच्या बाजूने पाय बाहेर राहिलाय, टाच दिसते आणि टाचेला लाल रंग आहे. मेंदी नव्हे तर काय?

पठाण उस्तादला टाचेला मेंदी कशाला लागते? बाई आहे. मी तीन दिवस जेवले नाही नीट. फहद विचारतो, अम्मी, बरं नाही का? काय सांगू त्याला? की तुझ्या अब्बांच्या ओढणीच्या गोधडीत दुसरी कोणी झोपते म्हणून? हो, अब्बांची कसली, माझी ओढणी. बघ, काय लिहितेय तेही कळत नाही.

भिंतीवर त्यांचा टाय घातलेला फोटो आहे, मागे ती काचेची इमारत. येता-जाता मी त्याच्याकडे बघायची, आता बघवत नाही. मसाफीला जा. पडदा ओढ. कोण आहे ते बघ आणि मला खरं खरं लिही. वाईट असलं तरी खरं लिही. मी मोठी बाई आहे, मरणार नाही.

खाला

—

करामा,
१४ डिसेंबर २०२४

खाला, सलाम.

मसाफीला जाऊन आले. जरवलीला प्रिंट दिले, त्याने डोळ्यांना लावले. उस्तादला भेटले. पुरुष आहे, खाला. बाई अजिबात नाही. सगळा गैरसमज. लाल म्हणजे खडीची धूळ, तिथे सगळ्यांचे पाय तसेच असतात. गोधडी खालूंनी त्याला दिली, गरीब माणूस आहे म्हणून. तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नाहीत. खलास.

इथे थंडी छान पडलीय. मिहिकाने नवीन लेन्स घेतली. फहदच्या जॉबचं खालू बघतायत, तू घाई करू नको, इन्शाल्ला होईल सगळं.

तुझी अफशा

—

हर्णै,
२९ डिसेंबर २०२४

अफशा,

तुझी पत्रं मी एकाखाली एक ठेवली. नोव्हेंबरातलं दोन पानं, पाठपोट. डिसेंबरातलं अर्धं पान, त्यात थंडी आणि लेन्स. लहानपणी माझी बरणी फोडून आलीस तेव्हाही अशीच पटापट बोलत होतीस. 'खलास' म्हणे. कुणाचं खलास?

काल तुझ्या खालूंना पाठवायला कोकमाचं तेल कढवत होते. त्यांच्या टाचांना भेगा पडतात. दर सुट्टीत आले की पहिले आठ दिवस मी ते तेल गरम करून भेगांत भरते, आणि दर सुट्टीत विचारते, गालिच्यावर चालणाऱ्या माणसाची टाच अशी कशी फुटते? ते म्हणतात, एसीने. तेल बाटलीत ओतताना माझा हात थांबला.

भिंग आणलं. लाल धुळीच्या खाली बघितलं. टाचेच्या वर, आतल्या बाजूला, अर्धा चंद्र आहे. लहानपणी बाणकोटला खडकावर कालवं काढताना कापलं होतं त्यांना. त्या खुणेवरून मी बावीस वर्षं बोट फिरवलंय. ती टाच मी अंधारातसुद्धा ओळखीन.

गोधडीखाली तुझे खालू आहेत.

अफशा, मला रागही आला आणि हसूही आलं, मग रडू आलं. बाई नाही, हे कळलं तेव्हा आधी सुटल्यासारखं झालं. पण मग भीती वाटली. बाई असती तर मला निदान कळलं असतं कुणाशी भांडायचं. हे काय आहे? ऑफिसातला माणूस भर दुपारी पठाणाच्या गाडीत तोंड झाकून का झोपतो? पोलीस मागे आहेत का? नोकरी गेली का? वेड लागलं का? भाचीचा आवाज ऐकून तोंड लपवणारा माणूस कोण आहे, आणि मी लग्न कुणाशी केलंय?

तुला सगळं माहीत आहे, आणि तुला शपथ घातली असणार. ठेव, शपथ मोडू नको. फक्त हे पत्र त्यांच्या हातात दे. पंधरा दिवसांत त्यांच्या अक्षरात उत्तर आलं नाही तर मी व्हिजिट व्हिसा काढते आणि मरीनाला नाही, सरळ मसाफीला येऊन उतरते. पडदा मी ओढीन.

खाला

—

मसाफी,
१० जानेवारी २०२५

जहांआरा, सलाम.

अफशाने पत्र हातात दिलं आणि गाडीपाशी उभी राहिली, वाचून होईपर्यंत हलली नाही. पोरीवर रागावू नकोस. तिने पडदा ओढला तेव्हा मीच तिच्यापुढे हात जोडले होते.

पोलीस मागे नाहीत. नोकरीही गेली नाही. मी ड्रायव्हर आहे. आज झालो नाही, पहिल्यापासून आहे. ऑफिस कधी नव्हतं.

तुला मागणी घातली तेव्हा मी इथे पाण्याचा टँकर चालवत होतो. तुझ्या अब्बांनी पहिला प्रश्न विचारला, 'ड्रायव्हर तर नाही ना? एस.टी.च्या ड्रायव्हरचं स्थळ मी परत पाठवलंय. रस्त्यावरचा माणूस, सकाळी गेला तर संध्याकाळी येईल कशावरून?' माझे मामू बाजूला बसले होते, ते झटकन म्हणाले, नाही नाही, ऑफिसात आहे. मी तुला दारातून एकदा पाहिलं होतं. मी गप्प राहिलो. वाटलं, लग्न होऊ दे, सहा महिन्यांनी सांगीन. सहा महिन्यांनी तू चार बायकांत सांगत होतीस, आमचे हे ऑफिसात. मग कसं सांगू?

भिंतीवरच्या फोटोतला तो टाय अफशाच्या अब्बांचा आहे. आणि ती इमारत, तिच्या पायाची खडी मी वाहिली आहे, तेवढंच तिचं माझं नातं. आपल्याकडची इथली सगळी माणसं जाणतात. अलीमियाँ, तुझी बहीण, सगळे. माझ्यासाठी गप्प राहिले. दर शुक्रवारी अंघोळ करून, इस्त्री करून करामाला यायचं, तिथून तुला फोन करायचा. मागे बसचा आवाज असला की तू म्हणायचीस, ऑफिस सुटलं वाटतं. मी म्हणायचो, हो.

तुला अजून एक सांगायचं राहिलंय. २०१५ साली ऑफिसच्या जिन्यावरून पडून पाय मोडला असं सांगितलं होतं. जिना नव्हता. दिब्ब्याच्या उतारावर ब्रेक गेले आणि गाडी उलटली. जरवलीने मला काच फोडून बाहेर ओढलं. गाडीतल्या वेण्या-गोंडे त्याचे आहेत, मी त्याला काही म्हणत नाही, आणि का म्हणत नाही ते तुला आता कळेल.

फहदला कुठल्या ऑफिसात आणू? पोरगा विमानातून उतरला की माझं पितळ उघडं पडणार, म्हणून पुढच्या साली, पुढच्या साली करत राहिलो. अफशा केबिनपाशी आली, तिचा आवाज ओळखला, तेव्हा हात आपोआप गोधडीकडे गेला. तोंड झाकलं, पाय राहिला.

मी तुझ्या अब्बांना फसवलं, तुला फसवलं. दुसरं घर नाही, दुसरी बाई नाही, अल्ला शप्पथ. एवढं सोडलं तर तुझा सगळा संशय बरोबर होता. मार्चमध्ये सुट्टी आहे. येऊ की नको, ते तू ठरव.

हमदुल्ला

—

हर्णै,
२४ जानेवारी २०२५

फहदच्या अब्बांना सलाम.

पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाचून टाय घातलेला फोटो भिंतीवरून उतरवला. वाटलं, चुलीत घालावा. मग तुमच्या तोंडाकडे बघितलं. टाय दुसऱ्याचा असला तरी तोंड तुमचंच होतं, म्हणून ठेवून दिला कपाटात. परत लावणार नाही.

अब्बांनी तुम्हाला विचारलं, मामूंनी उत्तर दिलं, तुम्ही गप्प बसलात. सगळ्यांनी सगळं ठरवलं. मला कोणी विचारलं होतं का हो, जहांआरा, तुला ड्रायव्हर चालेल का? एस.टी.वाल्याला अब्बांनी परत पाठवलं, मी नव्हे. बावीस वर्षांत एकदाही तुम्हाला वाटलं नाही की हिलाच विचारून बघू? सगळ्या मोहल्ल्याला माहीत, माझ्या सख्ख्या बहिणीला माहीत, आणि मी इथे बायकांत मिरवतेय. त्या माझ्या तोंडाकडे बघून काय म्हणत असतील! हे मी लवकर विसरणार नाही, आणि मार्चमध्ये आलात की आठ दिवस काय ऐकाल त्याची तयारी करूनच या. या म्हणतेय, हे लक्षात ठेवा.

फहदला मी सगळं सांगितलं. मला वाटलं, पोरगा हादरेल. तो म्हणाला, 'किती टायरचा ट्रक आहे?' मग म्हणाला, अब्बांना सांग, ऑफिस मी माझं शोधीन, त्यांनी फक्त विमानतळावर यावं. ट्रक घेऊन आले तरी चालेल.

आता माझं ऐका. तुम्हाला वाटतं मला राग खोटेपणाचा आहे. आहेच. पण रात्रभर मी त्यासाठी रडले नाही.

बावीस वर्षं मी रोज पहाटे फजरच्या नमाजाला तुमच्यासाठी हात पसरते. काय मागते माहीत आहे? या अल्ला, त्यांच्या साहेबाचं मन मऊ ठेव. त्यांची लिफ्ट बंद पडू देऊ नको. एसीत सर्दी होते, छाती सांभाळ. एवढ्या वर्षांत रस्त्यासाठी एकदाही काही मागितलं नाही. तुमची गाडी दिब्ब्याला उलटली, त्या दिवशी सकाळीसुद्धा मी लिफ्टसाठीच मागत होते. पाय मोडल्याचं कळलं तेव्हा जिन्याला शिव्या दिल्या. तुम्ही माझी दुआ भलत्याच पत्त्यावर पाठवलीत हो. तुमच्या रस्त्यासाठी मागणारं कोणी नव्हतं. जरवलीच्या घरी कोणी मागत असेल, त्या बाईच्या पुण्याईवर तुम्ही जिवंत आहात.

म्हणून उत्तर लगेच हवं. पहाटे कुठून निघता, कुठल्या रस्त्याने, कुठलं वळण वाईट, कुठला उतार, ब्रेक नवे बसवलेत की तेच आहेत, सगळं लिहा. एकेक जागेचं नाव लिहा. एकही गाळू नका, अफशाला मी तुमच्या गाडीत बसवून पडताळून घेणार आहे. तुमच्या शब्दावर आता मला विश्वास ठेवायला वेळ लागेल.

जरवलीच्या घरातल्या माणसांची नावंही लिहा. हे पत्र यम्नाभाबीच्या हाती देतेय, ती सोमवारी दापोलीहून तिकडे परत निघतेय. उत्तराला उशीर करू नका. बावीस वर्षांचं मागायचं राहिलंय.

जहांआरा